किल्ली मागणारा पाहुणा

या, अशा पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसणारे अर्ध्यातून उठून जातात, असा कीर्तनाच्या मंडपातला जुना अनुभव आहे, आणि ही गोष्ट अर्ध्यातून उठण्यासारखी नाही. फोन बंद करू नका, असू द्या हातात. गोष्ट फोनचीच आहे. मधेच वाजला तर शोभूनच दिसेल. देवाचं नाव घेऊन सुरुवात करू. यात एक प्राध्यापक होऊ पाहणारी बाई आहे, एक महाराज आहेत, आणि एक चोर आहे. चोर जरा कच्चा आहे, तेवढं सांभाळून घ्या.

बाईंचं नाव गार्गी लांजेवार. राहणं हुडकेश्वरला, माहेर कुही तालुक्यातल्या एका धानाच्या गावात. विषय शैक्षणिक तंत्रज्ञान. पीएच.डी. केली तीही डिजिटल साक्षरतेवर, म्हणजे ज्या माणसाच्या हातात काल पहिल्यांदा फोन आला त्याला आज तो नीट वापरायला कसा शिकवायचा, यावर. नावामागे डॉक्टर लागलं. पण नोकरी? शहरातल्या एका शिक्षणशास्त्र महाविद्यालयात, तासिका तत्त्वावर. जितके तास शिकवाल तितक्या तासांचं मानधन. दिवाळीला कॉलेज बंद, की मानधन बंद. उन्हाळ्यात कॉलेज बंद, की पुन्हा तेच. अशी नऊ वर्षं गेली. बी.एड.ची पोरं त्यांच्या हाताखालून शिकून कायम शिक्षक झाली, लग्नाच्या पत्रिका द्यायला आली, आणि मॅडम अजून तासांवरच.

आणि मग त्या विषयाची कायम जागा निघाली. एकच. पुढची कधी निघेल ते देवाला ठाऊक, आणि त्यालाही बहुधा मंजुरीची वाट पाहावी लागत असेल. मुलाखतीला येताना उमेदवारानं लोकांमध्ये जाऊन स्वतः केलेला एक प्रयोग मांडायचा, अशी अट होती. ही जागा गेली तर गार्गीबाईंपुढे दुसरी वाट होती ती पुण्याच्या एका अॅपवाल्या कंपनीची. हुद्दा भलामोठा इंग्रजी. काम मात्र आईबापांना फोन करकरून कोर्स विकण्याचं. ज्या बाईनं आयुष्यभर लोकांना फोनवरच्या गोड बोलण्यापासून सावध करायचं, तिनंच फोनवर गोड बोलून पोट भरायचं. हे दुखणं त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. पण स्कूटी चालवताना त्यांचे ओठ हलत असत. जप चालू असेल, असं लोकांना वाटे.

प्रयोगासाठी त्यांनी माहेरच्या गावातला बायकांचा बचतगट घेतला. विषय सरळ होता: फोनवरून फसवणारे ओळखायचे. त्यांनी छान व्हिडिओ बनवले, मागे हलकं संगीत, पुढे हलणारी चित्रं. बायकांच्या फोनवर पाठवले. कोणी किती वेळ पाहिलं हे कळायची सोय त्यात होती, आणि त्या सोयीनंच घात केला. सगळ्याजणी "नमस्कार" असं मॅडम म्हणेपर्यंत पाहत, आणि बंद करत.

"काहून वं मावशे, आवडत नाही का?" गार्गीबाईंनी पंचफुलाबाईंना विचारलं. पंचफुलाबाई म्हणजे गटातल्या सगळ्यांत वयस्क आणि सगळ्यांत बोलक्या.

"आवडते ना. तू दिसली का मस्त वाटते. साडी बी चांगली आहे." पंचफुलाबाई धान पाखडत होत्या. "मंग तू बोलाले लागते."

आता यावर शिक्षणशास्त्रात उत्तर नाही.

त्याच आठवड्यात गावात सप्ताह बसला होता. सायंकाळच्या कीर्तनाला शालिकराम महाराज उभे राहिले. हे गार्गीबाईंच्या वडिलांचे थोरले भाऊ. त्या त्यांना मोठेबाबा म्हणत. दिवसा धानाची शेती, आणि गळ्यात वीणा पडली की दुसराच माणूस. पांढरा फेटा, कपाळाला बुक्का, मागे टाळकऱ्यांची रांग. देवा, काय तो आवाज! पखवाजावर थाप पडली की म्हाताऱ्यांचे गुडघे दुखायचे थांबतात, हे डोळ्यांनी पाहिलेले लोक आहेत. तर त्या मंडपात, व्हिडिओतल्या नमस्काराला बंद करणाऱ्या त्याच बायका मांडी घालून बसल्या, आणि आरती होईपर्यंत एक हलली नाही. मांडीवरची लेकरं झोपली तरी नाही.

गार्गीबाई मागे खांबाशी बसून पाहत होत्या. कीर्तन संपताच मोठेबाबांकडे गेल्या.

"मोठेबाबा, उद्याच्या कीर्तनात माझा एक धडा घालान का?"

"तुहा? कम्प्युटरचा?" मोठेबाबा उपरण्यानं घाम पुसत म्हणाले. "अभंग कम्प्युटरवर नाही होत गा बाई."

"अभंग तुमचाच. मले फक्त येवढं सांगाचं आहे, का अनोळखी माणसानं फोन करून ओटीपी मांगितला तर द्याचा नाही. अन् फोन लगेच कापाचा."

"ओटीपी मंजे काय राहते?"

"किल्ली समजा. तुमच्या पैशाच्या पेटीची किल्ली. तुमच्याच फोनवर येते, अन् तो माणूस मनते, मले सांगा."

मोठेबाबांनी डोळे मिटले. मान डोलली. "झालं. जाय घरी."

दुसऱ्या दिवशी उत्तररंगात त्यांनी आख्यान लावलं. एक गाव. गावात एक म्हातारी. तिच्याकडे देवळाची किल्ली. भर उन्हात दारात एक माणूस उभा राहतो, अंगावर शाल, वाणीत साखर. म्हणतो, माय, मी देवळाचा नवा पुजारी, किल्ली दे. म्हातारी त्याला खालून वर पाहते. पाय धुवायला पाणी देते. भाकर वाढते, वर ठेचा. त्याच्या घरचं विचारते. तो पुन्हा किल्ली मागतो. ती पुन्हा भाकर वाढते. आणि इथं मोठेबाबांनी टाळकऱ्यांकडे पाहिलं, आणि सगळ्यांनी धरलं:

*पाणी घे गा, भाकर घे गा, किल्ली नाही देत,*
*पाहुणा तू दारचा, घरचा नाही होत!*

मंडप दणाणून उठला हो. बायका टाळ्या वाजवत म्हणू लागल्या. बौद्ध वस्तीतल्या रोशनीताई मेश्राम गटात होत्या, मंडपाच्या कडेला उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांच्याही ओठांवर ते चढलं. शेवटी तो शालवाला इतका जेवला, इतका जेवला की त्याला ओसरीवरच झोप लागली, आणि उठल्यावर लाजून निघून गेला. गार्गीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नऊ वर्षांत आपल्या एकाही तासाला अशी टाळी पडली नव्हती.

"फोन लगेच कापा" हे कुठं आलंच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण एवढ्या गजरात ते बारीकसं वाटलं.

आता चाचणी. मोजपट्टी गार्गीबाईंनी आधीच लिहून कॉलेजात देऊन ठेवलेली होती. एक, ओटीपी सांगितला नाही. दोन, तीस सेकंदांच्या आत फोन कापला. दोन्ही झालं तर पास, एक जरी राहिलं तर नापास. बायकांची संमती घेतली होती. कधीतरी एक खोटा फोन येईल हे त्यांना माहीत होतं, कधी येईल ते माहीत नव्हतं. आणि चोर म्हणून निवडला रजत. बी.एड.चा विद्यार्थी, भिवापूरकडचा, नाटकात काम केलेला. आवाज असा की खऱ्या बँकेनंही नोकरी द्यावी.

स्टाफरूममध्ये दार लावून बसले दोघं. रजतनं फोन लावला, मॅडमनी कानाला हेडफोन.

"नमस्कार, मी बँकेच्या मुख्य कार्यालयातून बोलतोय. तुमचं एटीएम कार्ड आज बंद होणार आहे."

"होऊ दे ना बाप्पा," पंचफुलाबाईंचा आवाज. "कोणाचा कोन तू?"

"मी... मॅनेजर. तुमच्या फोनवर आत्ता एक नंबर आला असेल, तो सांगा."

"आला ना. जेवला का?"

रजतनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी खूण केली, चालू ठेव.

"मावशी, जेवणाचं सोडा, नंबर—"

"सोडा काय सोडा? दुपार टळली. मॅनेजर मनतो अन् उपाशी? खोलीवर राहतो का घरी?"

"खोलीवर," रजतच्या तोंडून गेलं.

"मेसचं खात असशीन. म्हणून आवाज असा निंगून राहिला. गाव कोणतं तुहं?"

तीस सेकंद कधीच उलटले होते. गार्गीबाई घड्याळाकडे पाहत होत्या; मग पाहायच्या थांबल्या. रजतनं तीनदा ओटीपी मागितला आणि तीनदा त्याला भाकर वाढली गेली. फोन संपला तेव्हा पंचफुलाबाईंनी एक आकडा सांगितला नव्हता. रजतनं मात्र स्वतःचं खरं नाव, गाव, खोलीचा पत्ता, वडील काय करतात, आणि आईचा फोन नंबर इतकं सगळं देऊन टाकलं होतं.

"मॅडम, कसं निघालं तोंडातून कळलंच नाही," तो घाम पुसत म्हणाला. "लय मायेनं विचारत होत्या हो."

पुढच्या फोनांची तीच कथा. गटातल्या सिंधूताईंनी त्याला सर्दीवर काढा सांगितला आणि तो लिहून घ्यायला लावला. एकीनं त्याच्यासाठी मुलगी सुचवली. रोशनीताईंनी तर त्याला समजावलं, "पोट्ट्या, शिकलेला दिसतो, चांगल्या कामाले लाग." ओटीपी कोणीही दिला नाही. फोनही कोणी कापला नाही. मोजपट्टी म्हणाली: सगळ्या नापास.

दुसऱ्या दिवशी रजतच्या आईचा त्याला फोन आला. "काहून रे, कुहीकडच्या कोन्या बाईचा फोन आला, मने तुमचा पोट्टा जेवत नाही. अन् बँकेत कधी लागला तू?"

रजत तसाच मॅडमकडे आला. मॅडम निकालाच्या तक्त्यापुढे हनुवटीला हात लावून बसल्या होत्या.

"मॅडम, दुसरा रकानाच उडवून टाका ना. फोन कापण्याचा. एकीनंही ओटीपी दिला नाही, मग सगळ्या पास. मुलाखतीत कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," गार्गीबाई म्हणाल्या. "आणि रजत, ती मोजपट्टी उगीच नव्हती. तू कच्चा चोर होतास म्हणून निभावलं. खरा असता तर त्या अर्ध्या तासात त्यानं मायेनं विचारून काय काय काढून घेतलं असतं. त्या तुझ्याशी जितक्या बोलल्या ना, तितकी मला भीती वाटत होती."

हे खरं होतं, आणि म्हणूनच त्या स्कूटी काढून उमरेड रोडनं थेट गावी निघाल्या. मुलाखत चार दिवसांवर आली होती.

सिंधूताईंच्या अंगणात गट जमला. मोठेबाबांनाही बोलावलं. गार्गीबाईंनी सगळं सांगितलं, आणि शेवटी मोठेबाबांकडे वळल्या.

"मोठेबाबा, फोन कापाचं काहून नाही सांगितलं?"

मोठेबाबा खाटेवर बसले होते, ते अस्वस्थ झाले. "बाई, मी रातभर विचार केला होता. नाही निंगत तोंडातून. गळ्यात वीणा घालून उभं राहाचं, अन् मनाचं का दारात आलेल्याले हाकला? मंडपाच्या दारात कोणी उभं राहिलं तर मी कीर्तन थांबून त्याले 'या बसा' मनतो. तूच पाहिलं."

"हा मंडप नाही मोठेबाबा, फोन आहे!"

"फोनमध्ये बी माणूसच राहते ना?"

पंचफुलाबाई मधे पडल्या. "अन् खराच बँकेचा असला तर? नवी नोकरी असन पोट्ट्याची. आपण धाडकन फोन आपटला तर त्याचा साहेब त्याले रागावन."

"मावशे, तो रजत होता! माझा विद्यार्थी!"

"मंग तं बरंच झालं नाही आपटला. चांगलं पोट्टं आहे. जेवतच नाही तेवढं."

गार्गीबाईंनी कपाळाला हात लावला. मोठेबाबांना पुतणीची दया आली. "थांब, पाहतो मनून," असं म्हणत त्यांनी गळा साफ केला आणि चाल लावली: "दार लाव गा माय, दार लाव..." दोनदा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा आपसूकच आलं, "दार लाव पण कडी नको, उपाशी हाय का पुस..." बायकांनी टाळ्या वाजवल्या. गार्गीबाई रडायच्या बेतात.

"हे पाय बाई," मोठेबाबा आता गंभीर झाले, खाटेच्या कडेला सरकले. "विद्या तुही मोठी. पण येवढं ध्यानात ठेव. माणसाचं बोलणं अर्ध्यात तोडणं, याच्यासारखं दुसरं पाप नाही. समोरचा बोलून राहिला असन, तर आपण कितीबी कामात असलो तरी—"

देवळातली घंटा वाजली.

मोठेबाबा उठले. वाक्य तिथंच हवेत टांगून, पायात चपला सरकवून चालू लागले. पंचफुलाबाई उठल्या, सिंधूताई उठल्या, पदर डोक्यावर घेत सगळ्या उठल्या, आणि बघता बघता अंगण रिकामं झालं. गार्गीबाई तोंड उघडं ठेवून खाटेकडे पाहत राहिल्या. शेजारी फक्त रोशनीताई.

"गेले?" गार्गीबाई म्हणाल्या.

"आरती लागली ना," रोशनीताई म्हणाल्या. "आमच्याकडं बी असंच. विहारात वंदना सुरू झाली का हातातलं ठेवून जाचं. कोणी रागावत नाही."

"माझ्याशी बोलणं तोडलं त्यायनं. मधातूनच."

"तुमाले राग आला का?"

गार्गीबाईंनी मनाशी चाचपून पाहिलं. आला नव्हता. आला असता तर स्वतःचीच लाज वाटली असती. मग त्यांनी रोशनीताईंकडे पाहिलं, आणि रोशनीताईंनी त्यांच्याकडे. देवळाकडून टाळांचा आवाज येत होता. दोघींना एकाच वेळी हसू फुटलं. आरतीहून परतलेल्या बायकांना त्या दोघी पोट धरून बसलेल्या दिसल्या.

"मावशे," गार्गीबाई पंचफुलाबाईंना म्हणाल्या, "आता तुमी सगळ्या मले मधातच टाकून गेल्या..."

"टाकून कुठं? आरती होती."

"अन् फोनवरचा माणूस बोलून राहिला, अन् आरती लागली तर?"

पंचफुलाबाई बोलायला गेल्या आणि थांबल्या. अंगणात कुजबुज झाली. मोठेबाबांचा चेहरा आधी कोरा, मग हळूहळू असा उजळला की देवळातल्या दिव्यावर खर्च झाला नसता तरी चाललं असतं.

"आरती लागली मनलं का कोनी बी सोडते," ते म्हणाले. "चोर बी सोडते. त्यालेही देव आहेच ना."

"मी वंदना मनीन," रोशनीताई म्हणाल्या.

"पण आरती नसली तर खोटं नाही का होणार?" सिंधूताईंनी अवघड प्रश्न टाकला.

मोठेबाबांनी त्यावर बराच विचार केला. "फोन ठेवून खरंच हात जोडाचे," ते म्हणाले. "मंग खोटं नाही." शास्त्रार्थ असा मिटला. त्याच अंगणात बायकांनी एकमेकींना खोटे फोन लावून सराव केला. मोठेबाबा मुद्दाम चोर झाले, आणि प्रत्येक वेळी आरतीचं ऐकून इतक्या श्रद्धेनं फोन ठेवत की सरावाला अर्थच उरला नाही.

मुलाखतीच्या दिवशी कॉलेजच्या व्हरांड्यातल्या बाकावर गार्गीबाई बसल्या होत्या. शेजारी ऋषिकेश नावाचे उमेदवार. भंडाऱ्याकडचे, तेही तासिका तत्त्वावर, आणि गार्गीबाईंपेक्षाही जुने. तीन कॉलेजांत शिकवत. एका मोटरसायकलवर तिन्हीकडे पोचायचं. आत जायच्या वेळी कळलं की गार्गीबाईंच्या लॅपटॉपची पिन तिथल्या प्रोजेक्टरला बसत नाही. ऋषिकेशनी आपल्या पिशवीतून अॅडॅप्टर काढून पुढे केला.

"घ्या."

"तुमचा नंबर माझ्यामागेच आहे. तुम्हाला लागेल."

"बाहेर येताना द्याल की. जा आता."

आत निवड समिती. मधोमध बाहेरगावहून आलेल्या तज्ज्ञ बाई, चष्मा नाकावर, पेन उघडं. गार्गीबाईंनी सगळं होतं तसं मांडलं. व्हिडिओ कुणी पाहिले नाहीत, हे मांडलं. आख्यान मांडलं. निकालाचा तक्ता दाखवला.

"सगळ्या नापास?" तज्ज्ञ बाईंनी चष्मा वर केला.

"माझ्या मोजपट्टीनं, हो."

"मग त्यानंतर ही आरतीची युक्ती. ती कितीजणींवर तपासली?"

"अजून तपासली नाही, मॅडम. सराव झालाय, चाचणी नाही."

"म्हणजे तुम्ही आमच्यापुढे एक फसलेला प्रयोग आणि एक न तपासलेली कल्पना घेऊन आलात."

"हो," गार्गीबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? मनात देवाचा धावा चालू होता.

तज्ज्ञ बाईंनी पेन मिटलं. "एक नंबर द्या त्यांच्यातला. पुन्हा फोन येईल याला संमती आहे ना त्यांची?"

संमती होती. फोन लागला, स्पीकर चालू झाला, आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा समितीतल्या सगळ्यांनी एकदम पाहिला.

"नमस्कार, मी बँकेतून बोलते आहे. तुमचं खातं बंद होतंय."

"बाई का?" पंचफुलाबाई खूश झाल्या. "आजपर्यंत बाप्येच येत. बरं झालं. जेवल्या का?"

तज्ज्ञ बाई अडखळल्या. "नाही. म्हणजे, ते असू द्या. तुमच्या फोनवर एक नंबर येईल—"

"सकाळपासून उपाशी? आवाज बसला तुमचा. ओवा ठेवा दाढेखाली."

काटा अर्ध्याला येत होता. गार्गीबाईंनी डोळे मिटले.

"तो नंबर मला—"

"बाई, आरती लागली. ठेवते हां."

फोन कापला गेला. तीसच्या आत. समितीतल्या एका सरांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि खाली घेतले.

"सकाळचे अकरा वाजलेत," तज्ज्ञ बाई म्हणाल्या. "आत्ता कसली आरती?"

"मॅडम," गार्गीबाई म्हणाल्या, "कुठं ना कुठं चालूच असते."

इथंच सगळं संपलं असतं तर गोष्ट किती सरळ झाली असती! पण टेबलावरचा फोन वाजला. तोच नंबर. तज्ज्ञ बाईंनी उचलला.

"झाली बाई आरती," पंचफुलाबाईंचा आवाज आला. "हात जोडून आली. तुमी उपाशी अन् मी अर्ध्यातून ठेवला, जीव लागेना. बोला, काय मनत होत्या?"

गार्गीबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"अन् एक सांगते," आवाज हळू झाला, जवळचा झाला. "तुमी खऱ्या बँकेच्या असान तर माफ करा. पण फसवणाऱ्या असान, तर आजच्या दिवस नका फसवू. आमच्या पोट्टीची आज मुलाखत आहे. नऊ वर्षं झाली, लय कष्ट केले तिनं. आज कोणाचं वाईट झालं तर तिच्यावर येईन. तुमी उद्या करा फोन. जेवून करा."

तज्ज्ञ बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला, आणि मग हसू लागल्या. अशा की त्यांना पाणी द्यावं लागलं. "बरं," त्या फोनमध्ये म्हणाल्या, "जेवते हो मी." आणि ठेवला.

"सांगा," त्यांनी गार्गीबाईंना विचारलं, "हे पास की नापास?"

गार्गीबाईंनी हात खाली घेतले. "किल्ली दिली नाही. दार लावलं. आणि मग स्वतःहून पुन्हा उघडलं. नापासच, मॅडम. पण आता मला नेमकं कळलंय की पुढचा धडा कुठून सुरू करायचा."

तज्ज्ञ बाईंनी पेन उघडलं आणि बराच वेळ लिहीत राहिल्या.

जागा गार्गीबाईंना मिळाली. हातात आदेश आला त्या दिवशी त्या पेढे घेऊन गावी गेल्या. मोठेबाबांनी डोक्यावर हात ठेवला. पंचफुलाबाईंनी पेढा तोंडात टाकला आणि पहिलं विचारलं, "त्या बँकेच्या बाई जेवल्या का मंग?" पुढच्या सप्ताहात त्याच आख्यानात एक नवी ओळ येणार आहे, फोन ठेवल्यावर परत लावू नये अशी. मोठेबाबा अजून चाल शोधत आहेत. तोंडातून निघत नाही म्हणतात.

गावाहून परतल्यावर गार्गीबाई ऋषिकेश सरांना पेढे द्यायला भंडाऱ्याकडच्या कॉलेजात गेल्या. ते वर्गात होते. दारातून दिसत होते, फळ्यापाशी, बाही खडूनं पांढरी झालेली, आणि पोरं मन लावून ऐकत होती. तास संपल्यावर बाहेर आले, पेढा घेतला, मनापासून हसले. "मला तर तेव्हाच वाटलं होतं, तुम्हाला मिळावी," म्हणाले. घाईत होते, पुढचा तास दुसऱ्या कॉलेजात होता. मोटरसायकलला किक मारली आणि गेले.

जागा एकच होती, माऊली. यात कुणाचा दोष नाही. पण तुम्ही आता घरी जाल, देवापुढे दिवा लावाल, आपल्या माणसांसाठी काही मागाल. तेव्हा त्या ऋषिकेश सरांचीही आठवण असू द्या.